उजव्या मांडीवरची खूण

सुधाकरने मला फसवलं. त्याने माझी पॅन्ट बारा दिवसांसाठी नेली आणि अकराव्या दिवशी परत केली. न धुता, न कापता, कबूल केली होती तशीच परत केली, आणि तरीही फसवलं. ज्याला हे एवढ्यावर समजलं नाही त्याने पुढचं वाचावं. ज्याला समजलं त्यानेही वाचावं, कारण मी हे पाच वर्षं पोटात ठेवलं आणि आता ठेवणार नाही.

यंदा पुन्हा तशीच हवा पडली आहे. माघ उलटत आला तरी थंडी हलत नाही आणि दुपारी तीननंतर आभाळ भरून येतं. नाशिकमध्ये या दिवसांत ढग आले की कोणी खूश होत नाही. द्राक्षं वेलीवर असतात. चार थेंब पडले तरी मणी तडकतात, आणि नाही पडले तरी भुरीचा रोग येईल म्हणून माणसं झोपत नाहीत. गंमत अशी की ज्याची वीतभर बाग नाही तोही वर बघतो. चहावाला किटली हातात धरून बघतो, रिक्षावाला मान बाहेर काढून बघतो. मीही बघतो. माझा जीन्सच्या पॅन्टींचा गाळा नाशिक रोडला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. सायखेड्याकडची, निफाडकडची माणसं बाग उतरली की पॅन्टी घ्यायला येतात. बाग गेली तर येत नाहीत. म्हणजे आभाळातला तो करडा पट्टा माझ्याही गळ्याभोवतीच असतो.

आई म्हणायची, शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते. सहा वर्षांपूर्वी शिवरात्र होऊन गेली तरी ती गेली नव्हती. मी गाळ्यात टेरिलीनच्या पॅन्टमध्ये कुडकुडत बसलो होतो आणि माझी जीन्स दुसऱ्याच्या हातात होती. यंदाचे ढग बघितले आणि ते अकरा दिवस जसेच्या तसे अंगावर आले.

आधी पॅन्टीबद्दल सांगतो. नव्वदीच्या मध्यात मी अजून जुन्या परदेशी कपड्यांच्या गाठी विकत घ्यायचो. गाठ म्हणजे न बघता घेतलेला माल. आत काय निघेल ते नशीब. घरी नेऊन सोडायची, कोट एका बाजूला, पॅन्टी एका बाजूला, चिंध्या एका बाजूला. बायको, शोभा, मदतीला बसायची. ती येवल्याची, पैठणी विणणाऱ्यांच्या घरातली. तिचं बोट कापडावरून फिरलं की कापड बोलतं. त्या दिवशी ती एका पॅन्टीवर थांबली.

“अहो, हिला काठ आहे.”

“पॅन्टीला कसला काठ? पदर पण आहे का बघ.”

“चेष्टा पुरे. इकडे बघा.” तिने पायाची शिवण उलटी केली. आत दोन्ही कडांना पांढरी पट्टी आणि पट्टीत एकच लाल दोरा, वरपासून खालपर्यंत. “ही कड कापलेली नाही. मागावरच वळलेली आहे. धोटा इथपर्यंत आला आणि इथूनच मागे फिरला. असं कापड उसवत नाही. आमच्या अण्णांना दाखवली तर ते पॅन्टीला नमस्कार करतील.”

पुढे मला कळलं की जगात त्याला सेल्व्हेज म्हणतात, आणि जुन्या अरुंद मागावरच ते निघतं, आणि त्यासाठी वेडी झालेली माणसं आहेत. त्या दिवशी एवढंच कळलं की ही विकायची नाही. आयुष्यात गाठीतला एक कपडा मी स्वतःसाठी ठेवला, तो हाच.

ती पॅन्ट कोणी घालून टाकलेली नव्हती. कोणीतरी घेतली असावी, बसली नसावी, टाकून दिली असावी. कोरी होती. पत्र्यासारखी कडक, जमिनीवर उभी केली तर उभी राहील अशी, आणि निळी म्हणजे जवळजवळ काळी. पहिले दोन महिने गुडघे सोलवटले. पण असल्या कापडाचं असं असतं की ते आधी तुम्हाला वाकवतं आणि मग तुमच्याप्रमाणे वाकतं. वर्षभराने डाव्या खिशावर कपडा मोजायच्या टेपचं गोल उमटलं. स्कूटरवर बसून गुडघ्यांमागे सुरकुत्यांची जाळी पडली. जिथे शरीर घासलं तिथे निळा रंग गेला आणि खालचा पांढरा वर आला. बाकीची निळाई तशीच राहिली. मी ती धूतच नसे. वर्षातून दोनदा उलटी करून गार पाण्याच्या बादलीत बुडवायची, गच्चीवर सावलीत टांगायची, बस.

“निदान पाडव्याला तरी साबण लावू द्या,” शोभा म्हणायची.

“साबण लावलास तर मी वेगळा राहीन.”

“राहा. वास पण सोबत न्या.”

माझं वेड एवढ्यावर थांबलं नाही. फाटून संपलेल्या पॅन्टींची तांब्याची बटणं मी काढून डब्यात ठेवू लागलो. गाळा उघडायच्या आधी स्टेशनच्या जिन्याच्या पायथ्याशी चहा घेऊन उभा राहायचो आणि उतरणाऱ्यांचे पाय बघायचो. नोटांच्या प्रेसमध्ये कामाला जाणारे, कॉलेजची पोरं, भाजीची टोपली घेतलेल्या बाया. चेहरे नाही, पाय. कोणाची पॅन्ट किती वर्षांची, कोण बसून काम करतो, कोण उभ्याने, कोणाचा पाय जरा ओढतो, हे मी मांडीच्या रंगावरून ओळखायचो. माणूस तोंडाने काहीही सांगू दे, पॅन्ट खोटं बोलत नाही. हे मलाच एवढं ठाऊक होतं, तरी मी माझी पॅन्ट दुसऱ्याच्या हाती दिली. याला काय म्हणावं?

आता त्या खुणेबद्दल. हे लिहिताना मला लाज वाटते, पण त्याशिवाय माझं काय गेलं ते कळणार नाही.

माझा मामा बैलबाजारात दलाली करायचा. तिथे सौदा तोंडाने होत नसे. उपरण्याखाली दोघांचे हात, बोटं दाबून भाव सांगायचा, चारचौघांना काही कळू द्यायचं नाही. मामा म्हणायचा, चेहरा उघडा ठेव आणि हात झाकून ठेव. चेहऱ्यावर काही नसेल तर चेहरा दाखवायला हरकत काय? मी तेच शिकलो. सौदा करताना माझ्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. मालेगावचे, मुंबईचे, सुरतेचे भले भले व्यापारी माझ्यासमोर घामाघूम झाले आहेत. दत्तू कधी घाबरत नाही, हे बाजारात माझं नाव आहे, आणि रिकाम्या हातांनी आलेल्या माणसाजवळ नावाशिवाय असतं काय?

पण मी घाबरतो. प्रत्येक सौद्याला घाबरतो. समोरचा उठून जाईल, मी जास्त बोललो, कमी बोललो, उद्या शटर उघडायला कारण राहणार नाही. ही भीती चेहऱ्यावर येत नाही, ती उजव्या हाताच्या अंगठ्यात उतरते. गल्ल्याखाली, कोणाला दिसणार नाही असा, अंगठा मांडीवर घासत राहतो. पुढे, मागे, पुढे, मागे. सात वर्षं घासून त्या पॅन्टीच्या उजव्या मांडीवर, खिशाच्या खाली चार बोटांवर, एक अंडाकृती पांढरा डाग पडला होता. थोडा तिरका, वरच्या बाजूला निमुळता. तो माझ्या भीतीचा होता. मी तो बघायचो तेव्हा मला बरंही वाटायचं. इतक्या वेळा घाबरलो आणि तरी बसून राहिलो, उठून पळालो नाही, याची ती नोंद होती. ती मी वाचावी, फार तर शोभाने. तिसऱ्या माणसाचं तिथे काम नव्हतं.

तिसरा माणूस सुधाकर.

आम्ही दोघांनी मिळून हातगाडी लावली होती. चार वर्षं तो माझ्या उजव्या बाजूला उभा राहिला. पुढे मी गाळा घेतला आणि तो मुंबईकडे एका वॉशिंगच्या कारखान्यात लागला, जिथे नव्या जीन्स धुऊन, घासून जुन्या करतात. भांडण नव्हतं. उलट एकदा चहा पिताना हसत म्हणाला होता, “दत्त्या, तुझा अंगठा चालू झाला की मी ओळखायचो, गिऱ्हाईक निसटतंय. मग मी मध्ये बोलायचो.” मी पण हसलो होतो. हसायला नको होतं.

त्या वर्षी माघात तो गाळ्यावर आला. गिऱ्हाईक समोरच्या स्टुलावर बसतं. तो नाही बसला. जुना भागीदार म्हणून गल्ल्याच्या आत आला आणि माझ्या उजव्या हाताला पेटीवर बसला. हे मला तेव्हा खटकलं नाही. आता झोपेतसुद्धा खटकतं.

“तुझी ही पॅन्ट एक महिना दे,” तो म्हणाला. “आमच्या साहेबांना बघायची आहे. खऱ्या वापरलेल्या पॅन्टीवर रंग कसा जातो ते.”

“बघायची म्हणजे?”

“बघायची म्हणजे बघायची. डोळ्यांनी.”

“महिना? बायको महिनाभर माहेरी गेली तर चालेल, ही नाही.”

“ऐकलं मी,” आतल्या बाजूला घड्या घालणारी शोभा म्हणाली.

“वहिनी, तुम्ही साक्षीदार. बरं, वीस दिवस.”

“आठ.”

“आठ दिवसांत ती साहेबांच्या टेबलापर्यंत पण पोचत नाही रे. पंधरा.”

“बारा. धुवायची नाही. कापायची नाही. शिवण उसवायची नाही. कोणी अंगात घालायची नाही. बारा दिवसांच्या वर एक दिवस गेला तर मी तिथे येऊन तुझ्या साहेबाची गच्ची धरीन.”

“लिहून देऊ?”

“दे.”

खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्याने लिहून दिलं आणि खाली सही केली. मी आत जाऊन पॅन्ट बदलली. शोभाने ती उशीच्या अभ्र्यात घातली. तीस दिवस मागणाऱ्याला मी बारावर आणलं होतं, आणि सगळ्या अटी माझ्या. त्या संध्याकाळी मी घरी श्रीखंड नेलं. खरं सांगायचं तर हावही होती. मुंबईचा कोणी मोठा माणूस माझी पॅन्ट टेबलावर ठेवून बघणार, याची हाव. असली हाव असणाऱ्याला फसवणं सोपं असतं, हे मी गिऱ्हाइकांवर कितीदा आजमावलं आहे!

मग ते अकरा दिवस.

टेरिलीनची पॅन्ट गुळगुळीत असते. अंगठा टेकवला की घसरतो. भीतीला बसायला जागाच उरली नाही, म्हणून ती वर चढू लागली. आवाजात आली. तिसऱ्या दिवशी विंचूरच्या एका माणसाशी बोलताना मी त्याने मागितलेल्या भावाला हो म्हणून टाकलं. तो स्वतःच चकित झाला. “बरं वाटत नाही का शेठ?” पाचव्या दिवसापासून ढग. सकाळी भवानी झाली तर झाली, नाहीतर गाळा मोकळा. समोरच्या हॉटेलात माणसं वर्तमानपत्रातला हवामानाचा चौकोन मोठ्याने वाचायची आणि एकमेकांकडे बघायची. मी एसटीडी बूथवर जाऊन कारखान्याला फोन लावायचो. “साहेब खाली गेलेत.” “साहेब जेवायला गेलेत.” “कोण बोलतंय? कुठली पॅन्ट?” कोणी धुतली तर? कोणी खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि झाडणारीने उचलली तर? कोणी घातली तर? माझ्या डोळ्यांपुढे सारखा एक धुण्याचा ढोल फिरायचा आणि काचेआड ती.

“मूल हरवलं तरी लोक दोन घास जेवतात,” शोभा ताट पुढे सरकवून म्हणाली.

“मूल हाक मारल्यावर ओ देतं.”

अकराव्या दिवशी कुरिअर आलं. अभ्र्यातच होती. मी सगळ्यांसमोर हुंगली. वास माझाच. टेपचं गोल जागेवर, जाळी जागेवर, डाव्या गुडघ्यावरचा रफू जागेवर. उजव्या मांडीवरचा डाग जागेवर. मी तिथल्या तिथे आत जाऊन घातली, अंगठा जागेवर टेकवला आणि इतक्या दिवसांनी पोटभर श्वास घेतला. सुधाकरबद्दल मनात नाही नाही ते आणलं म्हणून त्याला फोन करून माफीसुद्धा मागितली. माफी! मी! त्याने ती घेतली. “अरे जाऊ दे,” म्हणाला.

पाऊसही त्या वर्षी आला नाही. ढग तीन दिवस बसले आणि गेले. बागा वाचल्या. मला वाटलं, आपण दोन्हीकडून सुटलो.

पुढच्या वर्षी, याच दिवसांत, सायखेड्याचा किरण आला. तिशीतला बागायतदार, माझं जुनं गिऱ्हाईक. दारातूनच ओरडला, “शेठ, तुमच्याकडं घ्यायचं सोडून यंदा मुंबईहून आणली. रागावू नका. पण बघा तरी, लय भारी घिसाई हाय.”

मी बघितलं. डाव्या खिशावर टेपचं गोल. या माणसाने जन्मात टेप वापरलेली नाही. गुडघ्यामागे माझ्या स्कूटरची जाळी, आणि तो ट्रॅक्टर चालवतो. मग माझी नजर उजव्या मांडीवर गेली. खिशाखाली चार बोटं. अंडाकृती, थोडा तिरका, वरच्या बाजूला निमुळता.

मी गल्ल्यावरून हात घालून त्याची मांडीच धरली.

“ओ शेठ! काय करून राहिले? लोक बघून राहिले ना!”

“कुठून आला हा डाग?”

“डाग नाय, फॅशन हाय ती. समद्यांवर तसाच हाय. आमच्या गावात चौघांनी घेतली.”

मी गल्ल्याबाहेर येऊन, खाली बसून, त्याच्या पॅन्टीची मोहरी उलटी केली. आत काठ नव्हता. कापलेली कड आणि त्यावर ओव्हरलॉकची शिवण. मी तसाच जमिनीवर बसून राहिलो. तो पाय सोडवून घेऊन दोन पावलं मागे गेला आणि म्हणाला, “शेठ, पाणी आणू का?”

त्या उन्हाळ्यात मी स्टेशनच्या जिन्यापाशी उभं राहणं सोडलं. रोज दोन-चार तरी उतरायच्याच. माझा अंगठा जिना उतरायचा. कॉलेज रोडवर मोटरसायकलवर बसलेला, पानाच्या टपरीला टेकलेला, कोणा मुलीशी हसत बोलणारा. ज्यांना कधी कशाची भीती वाटली नसेल असल्या पोरांच्या मांडीवर माझी भीती. कारखान्यात कोणीतरी कामगार पाळी भरताना काचपेपर घेऊन बसत असणार. माझ्या डागाची आकृती कापलेला पुठ्ठा पॅन्टीवर ठेवायचा आणि घासायचं, इतके हात पुढे, इतके हात मागे, झाली की पुढची. मला जिथे सात वर्षं लागली तिथे त्याला दीड मिनिट. त्याच्यावर माझा राग नाही. त्याचाही अंगठा झिजत असेल.

राग आला तो एकदा मी माझीच पॅन्ट घालून बँकेत गेलो तेव्हा. ओळखीचा कॅशियर काचेआडून म्हणाला, “काय शेठ, तुम्हीपण घेतली का ती? वय काय, शौक काय!” मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्यानंतर पॅन्ट ट्रंकेत गेली.

जुन्या नाशकात नझीरचाचा आहेत, रफूगार. माझ्या डाव्या गुडघ्यावरचा रफू त्यांचाच. द्वारका चौकाजवळ स्कूटर घसरली होती तेव्हाचा. किरणच्या पॅन्टीवर तोही होता, मशीनने मारलेला. मी एक नक्कल विकत घेऊन त्यांच्याकडे गेलो. वाटलं होतं, निदान एक माणूस माझ्यासोबत पेटून उठेल. त्यांनी चष्मा पुसला, गुडघा उजेडात धरला आणि खूप वेळ बघितलं.

“मेरा ही है,” म्हणाले. मग मराठीत आले. “माझाच हाय. पण शेठ, हा माझा खराब रफू. चांगला रफू दिसत नाय. दिसला की आम्ही हरलो. मी तुम्हाला दोन दिवस मागितले होते, आठवतं?”

आठवत होतं. मी उद्या संध्याकाळी पाहिजे म्हणून बसलो होतो. पॅन्टीशिवाय एक रात्र जास्त नको होती मला. त्यांच्याशी घासाघीस करून दोन दिवसांचा एक केला होता आणि जिंकलो म्हणून खूश झालो होतो.

“आयुष्यभर इतके रफू केले,” चाचा म्हणाले, “एकही कोणाला दिसला नाय. आणि दिसला तो हा. गावागावात.” आणि ते हसले. त्यांचं मी देणं लागतो, हे मी इथे लिहून ठेवतो. दिवस कापण्यात मी हुशार आहे. चाचांचा कापला, सुधाकरचे कापले. ज्याला एक दुपार पुरेशी होती त्याचे अठरा दिवस कापून मी श्रीखंड आणलं! कापडाचा सौदा मी करून घेतला, शिवणीचा केला, साबणाचा केला. त्यावर माझं जे होतं त्याचा सौदा मला सुचलाच नाही. ते असं काही नेता येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

सुधाकरला मी फोन केला. एकदाच.

“पॅन्ट मिळाली ना तुला?” तो म्हणाला. “अकराव्या दिवशी मिळाली. न धुता मिळाली. पुठ्ठ्यावर लिहिलं तसंच केलं. मग तुझं गेलं काय, सांग.”

मी फोन हातात धरून उभा. गेलं काय? पोलिसात जाऊन काय लिहून देऊ? वकिलाला आधीच विचारलं होतं, तर तो बिचारा माझ्या पायाकडे बघू लागला. वस्तू आहे. मालक आहे. डागसुद्धा जागेवर आहे. एक दोराही कमी झालेला नाही.

“बघ,” सुधाकर म्हणाला, “सांगता येत नाही ना? मग गेलं नाही.” आणि ठेवला.

आज सांगता येतं. पाच वर्षं लागली, पण येतं. मी आता सौदा करताना दोन्ही हात गल्ल्यावर ठेवतो, दिसतील असे, आणि तरी समोरच्याची नजर खाली गेली की माझं बोलणं तुटतं. मला वाटतं त्याला कळलं. मला वाटतं सगळ्या बाजाराला कळलं. कोणाला काही कळलेलं नसतं, तो पडलेलं नाणं बघत असतो, पण माझा भाव तोवर पडलेला असतो. माझ्याकडे झाकून ठेवायला एक जागा होती. ती गेली. हे गेलं, सुधाकर.

शोभा म्हणते, सोडा. “त्यांच्या कडा कापलेल्या. तुमच्याला काठ आहे. दहा वर्षांनी त्या उसवतील, तुमची राहील.” तिचं खरं असेल. परवा तिने न विचारता पॅन्ट ट्रंकेतून काढून गच्चीवर वाऱ्याला टांगली आणि मी ढग बघायला वर गेलो तेव्हा ती समोर आली. मी खाली नेली नाही. तशीच असू दिली. पण सोडणार नाही.

सुधाकर, तू दरवर्षी या दिवसांत नाशिक रोडला उतरतोस, सासुरवाडीला जातोस आणि माझ्या गाळ्यासमोरचा रस्ता टाळून मागच्या गल्लीने रिक्षा धरतोस. मला ठाऊक आहे. यंदा समोरून ये. दिवसाढवळ्या ये, समोरच्या स्टुलावर बस, शोभाला चहा करायला सांगतो. मला भरपाई नको, माफी नको, कारखान्याचं नावही नको. तू म्हणालास तसं तुझ्या साहेबाने ती फक्त बघितली, हे मी मानतो. टेबलावर पसरली असेल, टेप ओळखली असेल, स्कूटर ओळखली असेल. ती कोणालाही ओळखता येते. पण उजव्या मांडीवर तो नक्कीच थांबला असणार. बोट ठेवून त्याने विचारलं असणार, हे कशाने झालं? त्या खोलीत हे ठाऊक असलेला माणूस एकच होता. तू त्याला काय सांगितलंस? मी घाबरतो, असं सांगितलंस? हसून सांगितलंस? की ठाऊक नाही म्हणालास?

माझ्या तोंडावर सांग. मी थांबलो आहे.